मेरिटचा तक्ता आणि सहासष्ट गुणांचा इंजिनिअर

गेल्या महिन्यात रविवारची वंदना आटोपून बाहेर पडत होतो, तोच विहाराच्या पायरीवर एका निवृत्त एस.टी. मेकॅनिकने मला थांबवले. सोबत त्यांचा मुलगा होता. सिव्हिल इंजिनिअर, वय ३१, अविवाहित, पुण्यात नोकरी. बाप म्हणाला, "वकीलसाहेब, पोरगा कॅनडात जातो म्हणते. एजंटानं कागद देला. दीड लाख मांगते. तुम्ही एकडाव पाहून घ्या ना."

कागद एकच पान होता. वर मॅपलच्या पानाचे चित्र, खाली ठळक अक्षरांत ‘१०० पैकी ७२ गुण. पात्र.’ एवढ्या भांडवलावर दीड लाख मागितले जात होते. मी दोघांना घरी नेले, चहा मांडला आणि मुलाला म्हटले, "तुझे सगळे कागद काढ. आपण स्वतः मोजू."

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी भारतातला वकील आहे. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यानुसार पैसे घेऊन कुणाचा अर्ज चालवण्याचा अधिकार तिथल्या बारच्या सदस्यांना, क्वेबेकच्या नोटरींना आणि २०२१ पासून काम करणाऱ्या तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक मंडळाच्या परवानाधारकांनाच आहे. मला तो नाही. तुमच्या गल्लीतल्या एजंटाकडेही बहुधा नसतो. परंतु कायदा वाचायला आणि बेरीज करायला कुणाचा परवाना लागत नाही. ती बेरीज या स्तंभात मांडण्याचे कारण असे की ज्या ‘मेरिट’ शब्दाने आपल्याला शाळेपासून नोकरीपर्यंत डिवचले गेले, तो शब्द एखादे सरकार खरोखर तक्ता करून मोजते तेव्हा कसा दिसतो, हे आपल्या लोकांनी एकदा डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

जन्मावरून गुणांवर

कॅनडात प्रवेश कुणाला द्यायचा हे कधीकाळी माणसाच्या वंशावरून ठरत असे. १९०८ साली तिथे नियम झाला की स्थलांतरिताने आपल्या मायदेशातून थेट, मध्ये न थांबता प्रवास करून आले पाहिजे. नियमात भारतीयांचे नाव कुठेही नव्हते. मात्र भारतातून कॅनडाला थेट जाणारी जहाजसेवाच नव्हती! मे १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांना घेऊन कोमागाता मारू हे जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात पोहोचले. बहुतेक प्रवासी पंजाबचे शीख होते. दोन महिने जहाज पाण्यात अडकवून ठेवले, मोजक्यांना उतरू दिले आणि बाकीच्यांना परत पाठवले. कलकत्त्याजवळ बजबज येथे ब्रिटिश पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. या प्रकाराबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ साली, म्हणजे १०२ वर्षांनी.

कागदावर कुणाचेही नाव न घेता एका समूहालाच बाहेर ठेवणारा नियम कसा लिहितात, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

१९६२ मध्ये कॅनडाने वंशभेदाचे बहुतेक नियम काढले आणि १९६७ मध्ये गुणांचा तक्ता आणला. शिक्षण, वय, भाषा, व्यवसाय असे नऊ निकष होते. १०० पैकी ५० गुण मिळाले की दार उघडे. जन्माच्या जागी मोजमाप आले. या तक्त्याचा हा मूळ अर्थ आहे आणि तो लहान नाही.

मात्र त्या पहिल्या तक्त्यात एक खाच होती. १०० पैकी १५ गुण अधिकाऱ्याच्या ‘वैयक्तिक मूल्यमापना’साठी राखले होते. म्हणजे समोर बसलेल्या साहेबाला उमेदवार कसा वाटला, याचे गुण! लेखी परीक्षेत वरच्या नंबरवर असलेला आपला मुलगा तोंडी परीक्षेत खाली कसा येतो, हे आपल्यापैकी कितीतरी घरांनी सोसले आहे. कॅनडातही हा साहेबाचा रकाना नाव बदलत अनेक वर्षे टिकला आणि २००२ च्या नव्या कायद्याबरोबर गेला. त्याच्या जागी मोजता येतील अशा गोष्टी आल्या. तिथे नातेवाईक आहे का, पूर्वी तिथे शिकला किंवा काम केले का, वगैरे.

त्याच २००२ सालची आणखी एक नोंद मनात ठेवा. नव्या कायद्यात उत्तीर्णतेची रेषा ७५ गुणांवर होती. सप्टेंबर २००३ मध्ये ती ६७ वर आणली गेली. रेषा आठ गुणांनी खाली आली म्हणून कॅनडाचे पूल कोसळल्याचे किंवा दवाखाने बंद पडल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे कट-ऑफ खाली आला की देश बुडाला म्हणून छाती पिटणाऱ्या कित्येकांची मुले नंतर त्याच ६७ च्या रेषेवरून विमानात बसली आहेत. असो.

दोन दरवाजे

आता मुलाच्या कागदांकडे येऊ. २०१५ पासून कुशल कामगारांची निवड ‘एक्सप्रेस एन्ट्री’ या पद्धतीने होते. खाली दिलेले आकडे त्या पद्धतीचे, २०२५ पर्यंतचे आहेत. नियम वारंवार बदलतात म्हणून अर्जाच्या दिवशी कॅनडा सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक आकडा पुन्हा तपासावा. एजंटाच्या पानावर नव्हे.

भारतात बसून अर्ज करणाऱ्या बहुतेकांना दोन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला पात्रतेचा. तिथे १०० पैकी ६७ गुण लागतात. वाटणी अशी आहे: भाषा २८, शिक्षण २५, कामाचा अनुभव १५, वय १२, तिथली पक्की नोकरी १०, जुळवून घेण्याची क्षमता १०. दुसरा दरवाजा स्पर्धेचा. पात्र ठरलेल्या सगळ्यांना १,२०० गुणांच्या वेगळ्या मोजपट्टीवर लावतात आणि वेळोवेळी वरच्यांना बोलावतात.

एजंट पहिला दरवाजा दाखवून पैसे घेतो. दुसऱ्याचे नाव काढत नाही. ‘पात्र’ म्हणजे ‘निवड’ नव्हे, हे पहिल्यांदा समजून घ्या.

७२ चे ६६ कसे झाले

मुलाची पदवी चार वर्षांची बी.ई. पदवीला २१ गुण. तिचे मूल्यांकन कॅनडाने नेमलेल्या संस्थेकडून करून घ्यावे लागते आणि ते पाच वर्षे चालते. मुलाने दबकत विचारले, "दादा, माझं अ‍ॅडमिशन एस.सी. कोट्यातलं आहे. त्याचं काही लिहावं लागतं का?" मी संपूर्ण अर्जाचा नमुना त्याच्यापुढे ठेवला. शोध म्हटले. प्रवेश आरक्षणातून झाला की खुल्या जागेवरून, असे विचारणारा रकानाच त्यात नाही. विद्यापीठाने पदवी दिली, ती खरी आहे, एवढेच ते पाहतात. ज्या प्रश्नाने या मुलाला कॉलेजची चार वर्षे मान खाली घालायला लावली, तो प्रश्न तिथे कुणाच्या खिजगणतीतही नाही. तो थोडा वेळ काही बोलला नाही.

वयाचे १२ गुण. पहिल्या दरवाजात १८ ते ३५ वर्षांपर्यंत पूर्ण गुण मिळतात. हेही ठीक.

गडबड पुढे होती. एजंटाने अनुभव सहा वर्षांचा धरून १५ गुण दिले होते. पैकी चार वर्षे पुण्याच्या कंपनीची. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, फॉर्म १६, सगळे आहे. आधीची दोन वर्षे मात्र एका छोट्या कंत्राटदाराच्या साइटवर गेली. पगार रोख, नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही. कंत्राटदाराने धंदा केव्हाच गुंडाळला. दोन वर्षे उन्हात उभे राहून या पोराने स्लॅब टाकले. ते काम खरे आहे. पण त्याचा कागद नाही.

कॅनडाला अनुभवाचे पत्र कंपनीच्या लेटरहेडवर लागते. त्यात पद, कामाचे स्वरूप, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि सही करणाऱ्याचा संपर्क असावा लागतो. तुमचे काम त्यांच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातल्या वर्णनाशी जुळले पाहिजे. सिव्हिल इंजिनिअरचा क्रमांक २१३०० आहे. पत्रात नुसते ‘साइट इंजिनिअर, वर्तणूक चांगली’ लिहून भागत नाही. काय काय काम केले ते लिहावे लागते. पत्र मिळणे शक्य नसेल तर कारण देऊन इतर पुरावे जोडता येतात. परंतु बँकेत एक रुपयाही जमा झालेला दिसत नसेल, तर अशा दोन वर्षांवर अर्ज उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चार वर्षांचे गुण १३. दोन गुण गेले.

येथे थोडे थांबू. पहिली पिढी शिकून बाहेर पडते तेव्हा पहिली नोकरी बहुधा अशीच मिळते. ओळख नसते, मोठ्या कंपनीत काका-मामा नसतो. कंत्राटदाराच्या हाताखाली, रोख पगारावर सुरुवात होते. मुलाचे कौशल्य तेच, घाम तोच, पण कागद नाही म्हणून तक्त्याच्या लेखी ती वर्षे जणू जगलीच नाहीत. तक्ता जात विचारत नाही हे खरे. पण जातीने ज्याला जिथे ढकलले, तिथे कागद तयार होत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून नव्याने नोकरीला लागलेल्या आपल्या प्रत्येक मुलामुलीला माझे सांगणे आहे: पहिल्या दिवसापासून नेमणूकपत्र मागा, पगार बँकेतच घ्या, नोकरी सोडताना सविस्तर अनुभवपत्र घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. परदेशी जा किंवा जाऊ नका, तो तुमचा हक्क आहे.

चौथा घटक भाषा. एजंटाने इंग्रजीचे २४ गुण अंदाजाने धरले होते, परीक्षेच्या आधीच! नंतर मुलाने आयईएलटीएसची जनरल परीक्षा दिली. ऐकणे ७.५, वाचणे ६.५, लिहिणे ६.५, बोलणे ६.५. कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर ही आठवी पातळी. प्रत्येक कौशल्याला ५ प्रमाणे २० गुण.

आता बेरीज करा. शिक्षण २१, वय १२, अनुभव १३, भाषा २०. एकूण ६६. रेषा ६७. एजंटाचा ७२ गुणांचा ‘पात्र’ उमेदवार एका गुणाने दाराबाहेर उभा होता आणि दीड लाखाचा पहिला हप्ता देण्याच्या बेतात होता.

बापाने विचारले, "म्हणजे पोरगा नापास झाला काय?"

मी म्हटले, "नाही दादा. पोरगा नापास नाही. अर्ज एका गुणाने अपुरा आहे. दोन्हींत फरक आहे."

अर्ध्या बँडची किंमत

हा फरक दुसऱ्या दरवाजाच्या आकड्यांतून नीट कळतो. समजा पहिला दरवाजा कसाबसा ओलांडला. १,२०० च्या मोजपट्टीवर आजच्या इंग्रजीसह त्याचे गुण होतात ३४९: वयाचे ९९, पदवीचे १२०, भाषेचे ९२ आणि पदवी, अनुभव व भाषा यांच्या जोडीचे ३८. आता हाच मुलगा, हीच पदवी, हाच अनुभव, फक्त आयईएलटीएसमध्ये चारही भागांत अर्धा अर्धा बँड वाढवा. ऐकण्यात ८, बाकी तिन्हींत ७. गुण होतात ४१८. एकदम ६९ गुणांची उडी. पहिल्या दरवाजातही ६६ चे ७० होतात. कारण नवव्या पातळीला भाषेचे गुण तर वाढतातच, शिवाय पदवी आणि अनुभवाच्या जोडगुणांची किंमत दुप्पट होते.

इंजिनिअर म्हणून तो काल होता तसाच आज आहे. त्याच्या हातचा काँक्रीटचा खांब अर्ध्या बँडने जास्त मजबूत होणार नाही. बदलला तो फक्त इंग्रजीचा आकडा. आणि इंग्रजी हे ज्याच्या घरात आजोबापासून वर्तमानपत्राबरोबर येते, त्याला वारशात मिळते. एस.टी. डेपोतल्या मेकॅनिकच्या मुलाला ते तिसाव्या वर्षी क्लास लावून विकत घ्यावे लागते. गुणवत्ता म्हणून मोजले जाणारे बरेच काही म्हणजे वारसाच असतो, हे इतक्या स्वच्छ आकड्यांत मी पूर्वी पाहिले नव्हते.

वयाचेही तेच. एकट्या अर्जदाराला २९ पर्यंत ११० गुण. त्यानंतर ४० व्या वाढदिवसापर्यंत दरवर्षी पाच-सहा गुण गळत जातात. ३५ ला ७७, ४० ला ५० आणि ४५ ला शून्य. ज्याची एक-दोन वर्षे जात वैधता प्रमाणपत्राच्या फेऱ्यांत आणि एक बहिणीच्या लग्नाच्या कर्जात गेले, तो रांगेत उशिरा पोहोचतो. तक्त्याला त्या वर्षांची कहाणी ठाऊक नसते.

सरकारची गरज हेच मेरिट

मग किती गुण पुरेसे? याचे उत्तर ऐकून मुलगा चक्रावला. २३ एप्रिल २०२४ च्या सर्वसाधारण फेरीत कट-ऑफ ५२९ होता. त्याच वर्षी २९ फेब्रुवारीला फ्रेंच जाणणाऱ्यांच्या फेरीत कट-ऑफ होता ३३६. आणि १३ फेब्रुवारी २०२१ ला, कोविडमुळे सीमा बंद असताना, कॅनडाने देशातच काम करणाऱ्यांमधून एका दिवसात २७,३३२ लोकांना बोलावले. कट-ऑफ किती? ७५. होय, १,२०० पैकी पंच्याहत्तर.

त्या दिवशी बोलावलेले लोक गुणहीन होते काय? मुळीच नाही. सरकारला माणसे हवी होती, रेषा खाली आली. २०२३ पासून आरोग्यसेवा, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी, फ्रेंच भाषा अशा गटांच्या वेगळ्या फेऱ्या सुरू झाल्या. २०२५ मध्ये शिक्षण क्षेत्राची भर पडली. दवाखान्यांत परिचारिका कमी पडल्या की परिचारिकेचे मेरिट वाढते. क्वेबेकबाहेर फ्रेंच बोलणारे घटू लागले की फ्रेंच बोलणाऱ्याचे मेरिट वाढते. याला तिथे कुणी भीक म्हणत नाही. समाजाची गरज ओळखून शासनाने ठरवलेले धोरण म्हणतात. आपल्याकडे प्रतिनिधित्वाची गरज ओळखून राज्यघटनेने जागा राखल्या, तर त्याला मात्र गुणवत्तेचा खून म्हणतात. मेरिट आभाळातून पडत नाही, रक्तातूनही येत नाही. कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेला तो तक्ता असतो, आणि तक्ता कोण लिहितो हाच खरा प्रश्न असतो.

मुलाच्या पुढचे मार्ग याच तक्त्यातून निघतात. इंग्रजी सुधारून ४१८. तेवढ्याने सर्वसाधारण फेरीत नंबर लागणे कठीण. एखाद्या प्रांताने नामांकन दिले तर थेट ६०० गुण मिळतात. तेव्हा कोणत्या प्रांताला सिव्हिल इंजिनिअर हवे आहेत हे पाहत राहावे. तिसरा मार्ग फ्रेंचचा. चारही कौशल्यांत सातवी पातळी गाठली तर पहिल्या दरवाजात ४ गुण वाढतात, म्हणजे ६६ चे ७०. दुसऱ्या मोजपट्टीवर ६२ गुण वाढतात आणि फ्रेंचच्या वेगळ्या फेरीचे दार उघडते. दीड-दोन वर्षे मेहनत आहे आणि तेवढ्यात वयाचे ११ गुण जातील, हे धरूनही हिशेब फायद्याचा आहे.

या मार्गात मला आणखी एक गोष्ट आवडते. इंग्रजीत काहीजण पन्नास मीटर पुढून पळायला सुरुवात करतात. फ्रेंचमध्ये आपल्या महाराष्ट्रात जवळपास सगळेच सारखे अडाणी आहेत. सदाशिव पेठ असो की इंदोरा, पहिला धडा एकच.

कागद, पैसा आणि मोर्चाची केस

काही इशारे वकील म्हणून देतो.

एक, विकत मिळणारी नोकरीची पत्रे. तिथल्या नोकरीच्या पत्राला स्पर्धेच्या मोजपट्टीवर पूर्वी ५० किंवा २०० गुण होते. २५ मार्च २०२५ पासून ते काढून टाकले, कारण त्या पत्रांचा बाजार भरला होता. तरीही कुणी लाखो रुपयांना पत्र विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

दोन, खोटी माहिती. कायद्याच्या कलम ४० प्रमाणे चुकीची माहिती दिली किंवा महत्त्वाची गोष्ट लपवली तर पाच वर्षांची बंदी येते. अर्ज एजंटाने भरला, मला ठाऊक नव्हते, हा बचाव टिकणे फार अवघड. सही तुमची असते.

तीन, आंदोलनातल्या केसेस. हा मुद्दा खास आपल्या वाचकांसाठी. जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावच्या हिंसाचारानंतरच्या बंदमध्ये असो किंवा अन्य मोर्चात, आपल्या अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. अर्जात केवळ शिक्षा झाली का एवढेच विचारत नाहीत. कधी अटक झाली का, आरोप ठेवला गेला का, हेही विचारतात. लपवू नका. लोकशाही मार्गाने केलेल्या आंदोलनाची लाज बाळगण्याचे कारण नाही. लपवण्याचा मात्र दंड आहे. एफआयआर, दोषारोपपत्र, निर्दोष सुटल्याचा किंवा खटला मागे घेतल्याचा न्यायालयाचा आदेश, यांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. खटला मागे घेण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होती, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. केस अजून चालू असेल तर परवानाधारक वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय अर्ज करू नका.

चार, नावातला फरक. आपल्यातल्या कित्येक घरांनी आडनावे बदलली. दाखल्यावर एक, गुणपत्रिकेवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे असते. राजपत्रात नावबदलाची नोंद करून सर्व कागद एका रेषेत आणा. बोलावणे आल्यावर पूर्ण अर्जासाठी फक्त ६० दिवस मिळतात. तेव्हा धावपळ करून उपयोग नाही.

पाच, पैसा. येथे गुणांचा तक्ता संपतो आणि खिसा सुरू होतो. तिथे पक्की नोकरी नसेल तर स्वतःच्या निर्वाहाची रक्कम खात्यात दाखवावी लागते. २०२५ मध्ये एकट्यासाठी ती १५,२६३ कॅनेडियन डॉलर होती, रुपयांत नऊ-दहा लाखांच्या घरात. उसनवारी चालत नाही आणि घरावर मिळू शकणारे कर्जही धरत नाहीत. सहा महिन्यांची सरासरी शिल्लक पाहतात. सरकारी शुल्क वेगळे. २०२४ च्या दराने ते १,५२५ डॉलर होते. म्हणजे ‘केवळ गुणवत्तेवर’ निवड म्हणणाऱ्या तक्त्याच्या पायथ्याशीही दहा लाखांची एक पायरी आहेच. ती कुणाला दिसते आणि कुणाला टोचते, हे सांगायला नको.

कार्ड मिळाल्यावर

समजा कार्ड मिळाले. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहिले तर ते टिकते. पण कार्ड म्हणजे इंजिनिअरचा परवाना नव्हे. तो प्रांताची व्यावसायिक संस्था देते. वर्षानुवर्षे तिथे ‘कॅनेडियन अनुभव आहे का?’ हा प्रश्न विचारला गेला. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. ज्या सरकारने गुण मोजून बोलावले, त्याच देशाच्या बाजारात ते गुण अमान्य! ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्ये ही अट सकृद्दर्शनी भेदभाव असल्याची भूमिका घेतली. ओंटारिओच्या इंजिनिअर संस्थेने ती अट काढली २०२३ साली. तेवढी दहा वर्षे कितीतरी इंजिनिअरांनी टॅक्सीत काढली असतील.

बाबासाहेब कोलंबियाचे एम.ए. होऊन, पुढे लंडनमध्ये शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला खोली मिळाली नाही. जगाने मान्य केलेली गुणवत्ता बडोद्याच्या उंबरठ्यावर शून्य ठरली. गुणवत्ता सिद्ध करणे आणि ती मान्य करून घेणे, या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली अभ्यासाने जिंकता येते. दुसरी संघटनेने. ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०२३ मध्ये जातीय भेदभावाविषयीही आपली भूमिका जाहीर केली. जात विमानातून तिकडे गेली म्हणूनच ती वेळ आली, आणि तिथल्या आंबेडकरवाद्यांनी आवाज उठवला म्हणून ती दखल घेतली गेली. जाणाऱ्याने हेही सामानात ठेवावे.

शिकलेल्यांनी समाज सोडून परदेशी जावे का, यावर आपल्यात वाद आहे. तो रास्त आहे. परंतु तो निर्णय ज्याचा त्याने आपल्या हिशेबाने घ्यावा, एजंटाच्या कागदाने नव्हे. आपल्या विहारांत स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात. तिथे महिन्यातून एक रविवार असे अर्ज मोजायला ठेवावा, असे मला वाटते. एक संगणक, अधिकृत संकेतस्थळ आणि बेरीज येणारा एक कार्यकर्ता एवढे पुरे.

त्या मुलाने दीड लाख दिले नाहीत. जुन्या कंत्राटदाराचा पत्ता शोधणे चालू आहे आणि गेल्या आठवड्यात त्याने फ्रेंचच्या वर्गात नाव घातले. बाप मात्र अजून साशंक आहे. "वकीलसाहेब, एका गुणासाठी नवीन भाषा?" असे त्याने फोनवर विचारले. मी म्हटले, "दादा, आपल्या बापजाद्यांना एक अक्षर शिकायची बंदी होती. पोरगा एक भाषा शिकतो म्हणतो, शिकू द्या."